रूट कॅनल झालेल्या दातावर पुन्हा पुन्हा पुळी येते? मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया कधी करावी, कधी करू नये

"डॉक्टर, दर दोन-तीन महिन्यांनी ही पुळी उठते. फुटली की तोंडात खारट चव येते, आठवड्याभरात बसते. दुखत मात्र काही नाही." हे सांगताना पेशंट वरचा ओठ बोटाने उचलून दाखवतो. त्या दाताची रूट कॅनल चार-पाच वर्षांपूर्वी झालेली असते, वर छान कॅप असते. पिशवीत अँटिबायोटिकच्या तीन-चार चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर पुळी काही दिवस गेलेली असते.

मी दातांच्या मुळांचंच काम करते, त्यामुळे हे दृश्य माझ्याकडे दर आठवड्याला असतं. यातल्या काही जणांना कुणीतरी "दात काढून टाका" सांगितलेलं असतं आणि काहींना "ऑपरेशन करून टाका". दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात, दोन्ही चूकही असू शकतात. पुळी नेमकी कुठून येते हे शोधल्याशिवाय दोन्हींपैकी काहीच करू नये, यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पुळी आली म्हणजे आत काय चाललंय

दाताच्या मुळात एक बारीक नळी असते. त्यात ज्याला आपण "नस" म्हणतो ती असते, म्हणजे रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ पेशी. कीड खोल गेली किंवा दाताला जोराचा मार बसला की ही नस मरते. मेलेल्या नळीत जंतू वस्ती करतात आणि त्यांचं विष मुळाच्या टोकाच्या छिद्रातून बाहेर, जबड्याच्या हाडात झिरपतं. शरीर तिथे लढा देतं आणि त्या लढ्यात टोकाभोवतीचं हाड विरघळतं. एक्स-रेवर मुळाच्या टोकाशी जो काळा गोल दिसतो तो हाच. साठलेला पू मग हाडातून वाट काढत हिरडीवर येतो. पुळी म्हणजे त्या वाटेचं तोंड.

या सगळ्याच्या मुळाशी जंतूच असतात हे १९६५ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या एका प्रयोगाने फार स्पष्ट दाखवलं. उंदरांच्या दाढांना भोक पाडून नस उघडी ठेवली. नेहमीच्या उंदरांमध्ये नस कुजली, गळू झालं. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये मात्र अन्नाचे कण अडकूनही नस जिवंत राहिली आणि तिने स्वतःवर टणक थर चढवायला सुरुवात केली. आजही रूट कॅनल असो की शस्त्रक्रिया, आमचं काम एकच: जंतूंची वस्ती उठवायची आणि ते परत शिरणार नाहीत अशी नळी बंद करायची.

पुळी दुखत नाही याचा अर्थ आजार सौम्य आहे असा लावू नका. वाट मोकळी असते म्हणून दाब साठत नाही, आणि दाब नाही म्हणून ठणका नाही. वाट बुजली की चेहरा सुजतो. असे पेशंट बहुधा रात्री अकरा वाजता फोन करतात.

आणि गोळ्या? अँटिबायोटिक रक्तातून पोचतं. मेलेल्या नळीत रक्तच फिरत नाही, मग औषध तिथवर पोचणार कसं? भोवतालच्या हाडातला जंतूंचा जोर काही दिवस कमी होतो, पुळी बसते, पण वस्ती तिथेच राहते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच सांगितलं: अन्यथा निरोगी असलेल्या प्रौढ माणसाच्या दातावर प्रत्यक्ष उपचार होऊ शकत असतील, तर अशा बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिक देऊ नये. ताप आला, सूज पसरू लागली तर गोष्ट वेगळी. पण दर पुळीमागे पाच दिवसांचा कोर्स घेत असाल, तर आजार तसाच ठेवून तुम्ही फक्त औषध निकामी करत आहात.

आधी दात ओळखा

पुळी ज्या दातासमोर दिसते त्याच दाताची असेल असं नाही. पू ज्या दिशेला हाड पातळ असेल तिकडे जातो. खालच्या पुढच्या दातांचा पू कधीकधी तोंडात न येता हनुवटीवर, चक्क कातडीवर फुटतो. एक तरुण मुलगा दीड वर्ष हनुवटीच्या फोडावर मलमं लावत होता, दोनदा तो कापूनही झाला होता. लहानपणी सायकलवरून पडून खालचा पटाशीचा दात आपटला होता, ते तो विसरूनही गेला होता. दातात ना कीड, ना दुखणं, फक्त रंग किंचित करडा. त्या एका दाताची रूट कॅनल केली आणि हनुवटीचा फोड आपोआप भरून आला. कापाकापीची गरजच नव्हती.

दात ओळखायची एक साधी युक्ती आहे, ती तुमच्या डॉक्टरांनी केली का हे जरूर बघा. रूट कॅनलमध्ये भरतात ती गुलाबी, लवचिक, काडीसारखी गट्टापर्चा पुळीच्या छिद्रातून हळूच आत सरकवायची. ती फारशी न दुखता त्या वाटेने वळत वळत जाते आणि पुढे जाईनाशी झाली की थांबते. मग तशीच ठेवून एक्स-रे काढायचा. गट्टापर्चा एक्स-रेवर पांढरी दिसते, त्यामुळे चित्रात एक पांढरी रेघ पुळीपासून निघून नेमक्या एका मुळाच्या टोकाशी जाऊन पोचलेली दिसते. मी हा एक्स-रे पेशंटला नेहमी दाखवते. "म्हणजे पुढच्या नाही, मागच्या दाढेतून येतंय होय!" असं आश्चर्य त्यावर बऱ्याचदा ऐकायला मिळतं.

रूट कॅनल होऊनही का?

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे राहून गेलेली नळी. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण गालाकडच्या पुढच्या मुळात पुष्कळदा दोन नळ्या असतात. दुसरी इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्यांनी सुटते. तीन नळ्या भरल्या, चौथी तशीच राहिली, की काही वर्षांनी पुळी आलीच. साध्या एक्स-रेवर हे सहसा कळत नाही, कारण तो सपाट असतो आणि एका मागे एक असलेली मुळं एकमेकांवर पडतात. इथे सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या लहानशा भागाचा त्रिमितीय स्कॅन, खरंच उपयोगी पडतो. सगळ्यांनाच तो लागतो असं नाही. पण शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तर त्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं मत आहे.

दुसरं कारण म्हणजे वरून होणारी गळती, आणि याबाबत माझी स्वतःची एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षिकेच्या वरच्या पुढच्या दाताच्या मुळावर मी शस्त्रक्रिया केली. टोक कापलं, मागून भरलं, सगळं नीट झालं. आठ महिन्यांनी त्या परत आल्या, पुळी त्याच जागी. कॅप काढली तेव्हा टाळूकडच्या बाजूला तिची कड उघडी पडलेली होती आणि आत दात तपकिरी, मऊ झालेला. लाळ आणि जंतू इतके दिवस तिथून आत जात होते. मी मुळाचं टोक बंद केलं आणि कॅपखालचं दार उघडं ठेवलं. ती कड मी आधी सुईने तपासायला हवी होती. ताईंना दुसऱ्यांदा सगळ्यातून जावं लागलं. तेव्हापासून कॅपची कड चारी बाजूंनी तपासल्याशिवाय मी शस्त्रक्रियेची तारीख देत नाही.

तिसरं कारण म्हणजे मुळाला उभी चीर. ही सर्वांत वाईट बातमी. हिरडी आणि दात यांच्यामध्ये बारीक मोजपट्टी घालून दाताभोवती फिरवली की सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर भरतं आणि एकाच अरुंद जागी ती एकदम आठ-दहा मिलिमीटर खोल जाते. असं झालं की चिरेचा संशय घ्यावा. एकमुळी दाताला उभी चीर गेली असेल तर टोकाची शस्त्रक्रिया करून काही होत नाही, दात काढणंच योग्य. अशा दातावर पुन्हा पुन्हा खर्च केलेला पाहिला की मला मनापासून वाईट वाटतं.

याखेरीज भरणं टोकापर्यंत न पोचणं किंवा टोकाबाहेर जाणं, नळीत फाइल (नळी साफ करायची सुईसारखी बारीक काडी) तुटून अडकणं, टोकाबाहेर मुळाच्या पृष्ठभागावर जंतूंचा थर जमणं आणि गाठ होणं ही कारणं आहेत. गाठीबद्दल एवढंच: काही गाठींचं तोंड नळीत उघडतं, त्या रूट कॅनल नीट झाली की बऱ्या होऊ शकतात. काही मात्र चारी बाजूंनी बंद आणि नळीपासून सुट्या असतात, त्या शस्त्रक्रियेशिवाय सहसा जात नाहीत. दोन्हींतला फरक एक्स-रेवर ओळखता येत नाही.

रूट कॅनल पुन्हा, की शस्त्रक्रिया?

माझा नियम असा: नळीतून जाणं शक्य असेल तर आधी नळीतूनच जायचं. जुनं भरण काढून, राहिलेली नळी शोधून, धुऊन, पुन्हा भरायचं. जंतूंची मुख्य वस्ती नळीतच असते, तिथेच हात घालायला हवा. अर्धवट झालेल्या रूट कॅनलवर टोकाची शस्त्रक्रिया करणं म्हणजे छप्पर गळत असताना भिंतीला रंग देण्यासारखं आहे.

शस्त्रक्रिया पुढे येते ती वेगळ्या परिस्थितीत. रूट कॅनल पुन्हा करून झाली आणि तरी पुळी येते. किंवा कॅपखाली लांब, जाड धातूचा पोस्ट, म्हणजे कॅपला आधार देणारा खिळा, मुळात बसवलेला आहे आणि तो काढताना मूळ फुटण्याची भीती आहे. किंवा टोकाशी फाइल अडकली आहे, नळी कॅल्शियमने बुजली आहे, भरण टोकाबाहेर गेलं आहे. किंवा ती गाठ नेमकी कसली आहे याचा तुकडा तपासायचा आहे.

शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात

या शस्त्रक्रियेला अपिकोएक्टमी म्हणतात. मुळाचं टोक कापून काढायचं आणि कापलेल्या जागी नळीचं तोंड मागून बंद करायचं. खुर्चीतच होते, भूल फक्त त्या भागाला. साधारण तास-दीड तास लागतो.

हिरडीला छेद देऊन ती हाडापासून हळुवार उचलतात. टोकाजवळ बहुधा हाड आधीच विरघळलेलं असतं, नसलं तर पाण्याच्या धारेखाली चार-पाच मिलिमीटरची खिडकी करतात. आतला लालसर, मऊ, मांसल भाग खरवडून काढतात आणि बाटलीत घालून तपासणीला पाठवतात. तो फेकून देऊ नका, पाठवा, असं डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका. मग मुळाचं टोक सुमारे ३ मिलिमीटर कापतात. तीनच का? नळीचे बहुतेक बारीक फाटे याच शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये असतात. झाडाच्या मुळाला शेवटी तंतू फुटावेत तसे ते असतात, आणि तिथपर्यंत फाइल पोचत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा क्षण येतो. कापलेल्या पृष्ठभागावर निळा रंग लावतात, धुतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. हरभऱ्याच्या डाळीहूनही लहान अशी ती गोल जागा असते. नळीची जागा निळी दिसते. दोन नळ्यांना जोडणारी केसाएवढी फट असेल तर तीही निळी रेघ होऊन उठते. चीर असेल तर ती कडेपर्यंत धावलेली दिसते. चीर दिसली तर डॉक्टर तिथेच थांबून तुम्हाला सांगतील, आणि दात काढायचा का हा निर्णय तेव्हाच घ्यावा लागेल. या शक्यतेवर तारीख घेण्याआधीच बोलून ठेवा.

चीर नसेल तर अल्ट्रासाउंडवर थरथरणाऱ्या, काटकोनात वळलेल्या बारीक टोकाने नळी मागून आणखी ३ मिलिमीटर साफ करतात आणि भरतात. पूर्वी इथे चांदी, म्हणजे चांदी-पाऱ्याचं मिश्रण, भरायचे. त्या काळात शस्त्रक्रिया झालेल्यांच्या हिरडीवर अजून निळसर करडा डाग दिसतो. आता एमटीए नावाचं सिमेंटसारखं भरण किंवा त्याच जातीचं बायोसिरॅमिक भरतात. एमटीए कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात तयार झालं आणि १९९३ पासून ते दंतवैद्यकाच्या साहित्यात येऊ लागलं. त्याचा मोठा गुण असा की ते ओलाव्यात घट्ट होतं. रक्त आणि ओल असलेल्या हाडाच्या खड्ड्यात हा गुण सोन्याच्या मोलाचा आहे. शेवटी हिरडी परत बसवून बारीक दोऱ्याने टाके घालतात.

"ऑपरेशन केलं तरी परत येतं म्हणे" असं खूप लोक म्हणतात. जुन्या पद्धतीबद्दल ते पुष्कळ अंशी खरं होतं. २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात जुन्या पद्धतीचं यश सुमारे ५९ टक्के भरलं, तर मायक्रोस्कोप, अल्ट्रासाउंड आणि नवीन भरण वापरून केलेल्या शस्त्रक्रियेचं सुमारे ९४ टक्के. त्यामुळे "मायक्रोस्कोप आहे का? मागून काय भरणार?" हे दोन प्रश्न विचाराच. घराजवळ सोय नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे मुळांच्या उपचारांचे विभाग आहेत. वेळ लागतो, पण खासगीच्या मानाने खर्च बराच कमी होतो.

खालच्या मागच्या दाढांचं गणित वेगळं आहे. तिथे हाड जाड असतं आणि ओठाला संवेदना देणारी नस मुळांच्या जवळून जाते. दुखावली तर खालचा ओठ बधिर होऊ शकतो. अशा वेळी कधीकधी दाढ मुद्दाम अलगद काढून, हातात धरूनच टोक कापून-भरून, काही मिनिटांत पुन्हा खाचेत बसवतात. ऐकायला अचाट वाटतं, पण ही जुनी, मान्य पद्धत आहे. आणि अनेकमुळी दाढेचं एकच मूळ बिघडलेलं असेल तर तेवढं मूळ कापून उरलेली दाढ वाचवता येते.

आधी हे सांगा, नंतर हे करा

मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट, घेऊन या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांच्याशी आम्ही बोलतो. हाडं ठिसूळ झाली म्हणून अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते नक्की सांगा. आजी-आईंना ते "कॅल्शियमचं इंजेक्शन" म्हणून लक्षात असतं. या औषधांमुळे जबड्याचं हाड भरून यायला अडचण होऊ शकते. तंबाखू, सिगारेट आणि मिश्री हिरडी भरू देत नाहीत. "मिश्री म्हणजे तंबाखू नाही हो" असं म्हणणाऱ्या मावशींना मी दरवेळी सांगते: भाजलेला तंबाखूच तो.

नंतर पहिल्या दिवशी बाहेरून बर्फाचा शेक, थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. सूज दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्याला घाबरू नका. ओठ उचलून टाके बघू नका आणि घरच्यांना दाखवूही नका, त्या ओढीने टाके सुटतात. टाक्यांवर हळद, तुरटी, लवंगेचं तेल काही लावायचं नाही. मऊ भात-वरण, कोमट खिमट, ताक. भाकरी आठवडाभर दुसऱ्या बाजूने किंवा कुस्करून. सांगितलेल्या औषधी पाण्याने हलकी चूळ भरायची. टाके काढायला तीन ते सात दिवसांत बोलावतात.

ताप, गिळताना त्रास, तोंड न उघडणं, जिभेखाली किंवा गळ्याकडे पसरणारी सूज, डोळा मिटण्याइतकी सूज यांतलं काहीही झालं तर दंतवैद्याच्या वेळेची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. श्वासाला अडथळा येऊ शकतो. हे शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि न झालेल्यांना सारखंच लागू.

शस्त्रक्रियेनंतरही पुळी आली तर

पहिल्या महिन्यात हिरडी थोडी उंचसखल वाटते, ती पुळी नव्हे. सहा महिन्यांनी एक्स-रे, वर्षाने पुन्हा एक्स-रे. हाड बाहेरून आत भरत येतं आणि मोठा खड्डा भरायला वर्षाहून जास्तही लागतं. पुळी खरंच परतली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात: गट्टापर्चा घालून दात ओळखा, कॅपची कड बघा, मोजपट्टी फिरवा, स्कॅन करा. तीच शस्त्रक्रिया तशीच पुन्हा करून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. विशेषतः वरच्या पुढच्या दातांत, गाठ मोठी असून हाड ओठाकडून आणि टाळूकडून दोन्ही बाजूंनी गेलेलं असेल, तर मधला भाग हाडाऐवजी चिवट तंतूंनी भरतो. एक्स-रेवर तो लहान काळा डाग म्हणून वर्षानुवर्षं दिसत राहतो. पुळी नाही, दात ठोकला तर दुखत नाही, आणि गेल्या वर्षीच्या फिल्मशेजारी यंदाची ठेवली तर डाग वाढलेला नाही, असं असेल तर तो जखमेचा वण आहे. नव्या डॉक्टरांकडे गेलात की जुन्या फिल्म सोबत न्या, म्हणजे तो वण पाहून कुणी पुन्हा हिरडी उघडायला सांगणार नाही.